अवघड शब्द कुणाचे?

आमच्या आरोंद्याला तेरेखोल नदी. पल्याड गोवा, तिथं 1961 पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य. पगार, चावी हे त्यांचेच शब्द. सगळ्यांच्या तोंडी बसले; कुणी अवघड म्हणत नाही. पण येसकर, तराळ, हाडकी-हाडवळा आलं की शिकलेला माणूस अडतो.

आयर्लंडच्या जेम्स जॉइसची ‘फिनेगन्स वेक’ 1939 साली निघाली. त्यानं कैक भाषांचे शब्द मोडून जोडले, जुनेपाने उकरले. विद्वान कोश घेऊन बसले. 1972 ला ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, 1978 ला दया पवारांचं ‘बलुतं’. यातले शब्द वस्तीत, गावकुसाबाहेर बोलले जात होते. अवघड ठरले ते वाचणाऱ्याला.

हाडकी म्हणजे नुसती जमीन नव्हे. त्या तुकड्यापायी घरच्या घर राबलं: सांगावा, दवंडी, मेलेलं ढोर ओढणं. म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. पुढं 1958 च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. वतनासंगं शब्दही चालले. जाऊ देत! पण अर्थ विसरलो तर उद्या कुणीही हाडवळ्याला इनाम म्हणेल, वेठीला सेवा म्हणेल.

मी साच्यावर असतो. तुटलेल्या धाग्याचं टोक सापडल्याबिगर गाठ बसत नाही. तेव्हा दोस्तांनो, म्हाताऱ्या माणसांपाशी वही घेऊन बसा. शब्दापुढं काम लिहा, कामापुढं काय मिळालं ते लिहा. आपला कोश आपणच करायचा.