कार्ड पाठीवर की टेबलावर?

आयआयटी-एनआयटी प्रवेशाच्या जोसा फेऱ्या आटोपल्या की रायपूरच्या समता कॉलोनीतल्या मराठी घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो: मुलगा इंजिनीअरिंगला निघालाय ना, मग गेमिंग लॅपटॉपच घ्या. शेजारी चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळात भेटणारे काका हेच सांगतात, पुण्यात नोकरी करणारा मावसभाऊ फोनवर हेच सांगतो आणि दुकानदाराने दुसरं काही सांगावं अशी अपेक्षाच नसते. ‘एकदाच घ्या, दणकट घ्या, चार वर्षं बघायला नको.’ मुलांमध्ये अलीकडे दुसरा एक पक्ष तयार झाला आहे. त्यांचं म्हणणं, लॅपटॉप पातळ नि हलका घ्यावा आणि ग्राफिक्स कार्ड वेगळ्या डब्यात ठेवून केबलने जोडावं. वर्गात जाताना डबा घरी, घरी आलं की एक केबल खुपसली की काम झालं. बाप पहिल्या पक्षात, लेक दुसऱ्या पक्षात, अशी वाटणी मी बऱ्याच घरांत पाहिली आहे.

दोन्ही पक्ष एक गोष्ट न तपासता धरून चालतात: ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपलाच जोडलेलं असायला हवं. घरी राहून शिकणाऱ्या मुलासाठी हे गृहीतक चुकीचं आहे आणि ते एकदा काढलं की दोन्ही मतं डळमळतात.

आधी गेमिंग लॅपटॉपवाल्यांचं ऐकून घेऊ, कारण त्यांची बाजू वाटते तेवढी पोकळ नाही. यंत्र एकच, हमी एकच, खर्च एकदाच. सुट्टीत इंटर्नशिपसाठी बंगळुरूला जावं लागलं तरी सगळी ताकद सोबत. यातलं काही खोटं नाही. चूक आहे ती ‘इंजिनीअरिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणारच’ या विधानात. न्यायशास्त्राच्या भाषेत ही सरळ अतिव्याप्ती आहे.

समता कॉलोनीच्या पोरांचं जवळचं कॉलेज म्हणजे जी. ई. रोडवरचं एनआयटी. निम्म्या जागा स्वतःच्या राज्याच्या मुलांसाठी राखीव असल्यामुळे इथल्या घरातून तिथे जाणं स्वप्नवत नाही. ही संस्था १९५६ साली खाणकाम आणि धातुशास्त्र यांचं सरकारी कॉलेज म्हणून सुरू झाली, २००५ साली एनआयटी झाली. खाणकाम, धातुशास्त्र, स्थापत्य, रसायन या शाखांच्या विद्यार्थ्याला आठ सत्रांत ग्राफिक्स कार्डाची गरज किती वेळा पडते? पहिल्या वर्षी सी भाषेतले छोटे प्रोग्रॅम, ते कोणत्याही यंत्रावर चालतात. ऑटोकॅडमधलं द्विमितीय ड्रॉइंग प्रोसेसरच्या एका गाभ्यावर भिस्त ठेवतं. मॅटलॅबचं नेहमीचं काम आणि अँसिसमधली विद्यार्थ्याच्या पातळीवरची गणितं प्रोसेसर आणि रॅम खातात. म्हणजे ज्या पैशांत सोळा किंवा बत्तीस जीबी रॅम, चांगला पडदा आणि दिवसभर टिकणारी बॅटरी आली असती, ते पैसे अशा एका चिपवर गेले जिला वर्गात काही काम नाही.

अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. एनआयटीत वास्तुकलेचीही शाखा आहे. लुमियनसारखं सॉफ्टवेअर वापरून इमारतीचं चलचित्र काढायचं म्हटलं की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. संगणक आणि आयटीवाल्यांना मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाचं कार्ड लागतं, कारण बहुतेक साधनं एनव्हिडियाच्याच कूडा या सॉफ्टवेअरवर उभी आहेत. पण या दोन्ही कामांना कार्डाच्या नावापेक्षा कार्डावरची मेमरी महत्त्वाची असते, आणि गेमिंग लॅपटॉपचा पक्ष नेमका तिथे लंगडा पडतो.

लॅपटॉपवरचं स्टिकर आणि आतली चिप यांचं नातं फार सैल असतं. डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०६० आलं तेव्हा त्यावर १२ जीबी मेमरी होती. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डावर ६. वरच्या टोकाला तर कमालच आहे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९०मध्ये १६,३८४ कूडा गाभे आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०९०मध्ये ९,७२८ गाभे आणि १६ जीबी. पहिल्याला ४५० वॅट मिळतात, दुसऱ्याला साधारण दीडशे. दोन वेगळ्या चिपांना एकच नाव दिलेलं आहे. विद्यार्थ्यांच्या आवडीचं ४०६० घ्या. लॅपटॉपात ते ३५ वॅटांपासून ११५ वॅटांपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा एनव्हिडियाने उत्पादकांना दिलेली आहे. दुकानातल्या दोन लॅपटॉपांवर तेच हिरवं स्टिकर असतं, किमतीत पाच-सात हजारांचा फरक असतो आणि आतलं कार्ड एकात दौडतं, दुसऱ्यात धापा टाकतं. वॅटांचा हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला मला आजवर दिसलेला नाही. तो संकेतस्थळावर तळाशी, बारीक अक्षरांत असतो.

‘ताकद सोबत फिरते’ हाही दावा तपासून घ्यावा. गेमिंग लॅपटॉपची मोठी बॅटरी म्हणजे नव्वद वॅट-तासांच्या आसपास. यंत्राने पूर्ण जोरात दीडशे वॅट ओढले तर ती चाळीस मिनिटंही पुरणार नाही. म्हणून प्लग काढला की लॅपटॉप आपणहून कार्डाचा गळा आवळतो. सोबत फिरतं ते वजन, आणि विटेएवढा अडॅप्टर. ताकद भिंतीतल्या सॉकेटपाशीच राहते.

त्यात रायपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि बहुतेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. कूलर लावलेल्या खोलीत हवा थोडी उतरते, पण दमट होते. दोन वर्षं वापरलेला गेमिंग लॅपटॉप उलटा करून मागची झडप उघडलीत तर पंख्याच्या पुढे तांब्याच्या पत्र्यांवर राखाडी लोकरीसारखा थर दिसेल. गरम हवा जायला वाट नाही, म्हणून पंखे केकाटतात आणि चिप स्वतःचा वेग कमी करते. सेवा केंद्राला झडप उघडायला देणारी मुलं थोडी, स्वतः उघडणारी त्याहून थोडी.

म्हणजे मुलांचा पक्ष बरोबर ठरला का? तोही नाही. कल्पना चांगली आहे आणि मला स्वतःला ती मोहक वाटते. पण तिचा इतिहास फसलेल्या जोडण्यांचा आहे. २००८मध्ये एएमडीने एक्सजीपी नावाची जोडणी आणली, फुजित्सू सीमेन्सच्या अमिलो लॅपटॉपला जोडायचा डबा तिच्यावर निघाला आणि विस्मरणात गेला. २०१४मध्ये एलियनवेअरने स्वतःचा डबा काढला, त्याची केबल एलियनवेअरखेरीज कुठे लागत नव्हती, आणि पुढे तोही बंद झाला. अ‍ॅपलने २०१८मध्ये बाहेरच्या कार्डाला रीतसर पाठिंबा दिला आणि २०२०मध्ये एम-१ चिपच्या मॅकपासून तो काढून घेतला. ‘कार्ड बदललं की झालं, लॅपटॉप तोच’ असं हा पक्ष म्हणतो. प्रत्यक्षात कार्डाच्या आधी जोडणीच जुनी होते.

थंडरबोल्ट ही जोडणी आल्यापासून परिस्थिती सुधारली हे मान्य. पण थंडरबोल्ट ३ आणि ४ची वाट सेकंदाला ४० गिगाबिटांची, त्यातला कार्डाच्या वाट्याला येणारा भाग फार तर ३२. मदरबोर्डावरच्या चौथ्या पिढीच्या पूर्ण पीसीआय एक्सप्रेस खाचेची क्षमता २५६. प्रत्येक कार्डाला एवढी लागत नाही, तरी खेळात फरक जाणवतो, आणि तयार झालेलं चित्र त्याच केबलने परत लॅपटॉपच्या पडद्यावर आणलं तर आणखी जाणवतो. हा दुसरा तोटा टाळायचा तर वेगळा मॉनिटर कार्डाला लावावा लागतो. ऑक्युलिंकची जोडणी याच्या दुप्पट वेगाची आहे, थंडरबोल्ट ५ही. पण विद्यार्थ्याच्या बजेटातल्या किती लॅपटॉपांवर त्या असतात? मुळात टाइप-सीचं भोक सगळीकडे सारखंच दिसतं. स्वस्त लॅपटॉपवर ते बहुधा साधं यूएसबी असतं, आणि हे डबा घरी आल्यावर कळतं.

एका ठिकाणी मात्र बाहेरच्या कार्डाची निंदा अवाजवी होते. मशीन लर्निंगमध्ये मॉडेल एकदा कार्डाच्या मेमरीत मावलं की केबलवरची ये-जा कमी होते आणि वेगातला तोटाही. ज्याच्याकडे थंडरबोल्टचा लॅपटॉप आधीच आहे आणि ज्याला फक्त हेच काम करायचं आहे, त्याने डबा घेतला तर मी नाक मुरडणार नाही.

आता पैशांचं बघू. रेझरचा कोअर एक्स हा गाजलेला डबा २०१८मध्ये २९९ डॉलरला निघाला, आत कार्ड नसताना. आरटीएक्स ४०६० हे पूर्ण कार्ड २०२३मध्ये निघालं तेही २९९ डॉलरलाच. डब्यात मुख्यतः असतं काय? वीजपुरवठा, एक खाच, एक पंखा आणि पत्रा. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम नि एसएसडी घातली की तो डेस्कटॉप होतो. मॉनिटर तर दोन्हीकडे लागणारच होता. ज्या टेबलावर डबा कायमचा बसणार आहे त्याच टेबलावर डेस्कटॉप बसू शकतो, आणि त्यात कार्डाला पूर्ण खाच, पूर्ण वीज आणि पूर्ण हवा मिळते. पंख्यावरची धूळ ब्रशने झाडता येते. चार वर्षांनी फक्त कार्ड बदलता येतं. मुलांच्या पक्षाने जे वचन दिलं होतं ते खरं पाळतो तो हाच.

यावर आक्षेप येईल की वळवाच्या वादळात वीज गेली तर डेस्कटॉप जागीच झोपतो. खरं आहे. तो घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये, एक छोटा यूपीएस घ्यावा, काम जतन करून बंद करायला तेवढा पुरतो. दुसरा आक्षेप दोन यंत्रांच्या खर्चाचा. पण दुसरं यंत्र पहिल्याच दिवशी कोण घ्या म्हणतं? पहिली दोन सत्रं साध्या लॅपटॉपवर काढावीत. मशीन लर्निंगची तोंडओळख गूगलच्या कोलॅबवर किंवा कॅगलवर मर्यादेत फुकट करता येते. तिथे मिळणाऱ्या टी-४ कार्डावर १६ जीबी मेमरी आहे, परवडणाऱ्या गेमिंग लॅपटॉपातल्या कार्डाच्या दुप्पट. गरज पक्की झाली की मग कार्ड, तेही तेव्हाच्या भावाने आणि तेव्हाच्या पिढीचं.

गेमिंग लॅपटॉप कोणी घ्यावा? ज्याच्याकडे स्वतःचं टेबल नाही त्याने. नागपूरहून येऊन एनआयटीच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाकडे एक पलंग, एक कपाट आणि एक सॉकेट असतं. दर सुट्टीत सामान बांधायचं असतं. त्याला ते एकच जाड यंत्र सोयीचं आहे. समता कॉलोनीचाच मुलगा आयआयटी भिलाईत लागला आणि तिथे वसतिगृहात राहिला, तर अंतर थोडं असूनही तोही याच गटात मोडतो. सरसकट सल्ला देणारे हा भेद करत नाहीत, म्हणून वसतिगृहाच्या मुलासाठी बरोबर असलेलं उत्तर ते घरी जेवायला येणाऱ्या मुलाच्या पाठीवर लादतात.

तेव्हा घरून कॉलेजला जाणाऱ्याने हलका लॅपटॉप घ्यावा, रॅम वाढवता येते का ते विचारावं, आणि कार्डाचे पैसे दुसऱ्या वर्षापर्यंत बँकेत राहू द्यावेत. गेमिंग लॅपटॉपच घ्यायचा ठरला असेल, तर दुकानदाराला कार्डाचे वॅट विचारा. त्याला ते सांगता आले नाहीत तर पुढच्या दुकानात जा.