बोर्डिंगचे ऋण

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता गावोगाव भरतात. कुणी आपल्या जुन्या वसतिगृहाला पंखे देतो, कुणी पाण्याची टाकी बांधून देतो, भिंतीवर नावाची पाटी लागते. यात वाईट काही नाही. ज्या पंगतीत जेवलो तिची आठवण ठेवणे ही माणुसकीच आहे. पण वसतिगृहाचे ऋण फेडायचे म्हणजे नेमके काय करायचे? या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूर आणि साताऱ्याच्या इतिहासात सापडते.

खेड्यातल्या मुलाचे शिक्षण अडायचे ते बुद्धी नव्हती म्हणून नव्हे. शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय, इथेच गाडे रुतायचे. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. पण तिथे ब्राह्मणेतर मुलांना जागा मिळेना. मग महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी पुढाकार घ्यायला आमच्या समाजातून कुणी सरसावेना, तेव्हा मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. ज्याला कुठेच दार उघडे नव्हते, त्याला निदान स्वतःचे एक दार मिळाले. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

यातल्या जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता, भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो हजर राहिला. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्याचा आग्रह झाला, त्याने तो मानला नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ज्या घराने आसरा दिला, त्याच घराचा उंबरठा कुठे आखूड आहे, हेही त्याला तिथेच कळले.

पुढे हेच भाऊराव कर्मवीर झाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि तिथे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. महाराजांचे ऋण भाऊरावांनी नावातून मान्य केले. पण कोल्हापूरची नुसती नक्कल केली नाही. साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांची चूल एक, पंगत एक. मुलेच पाणी भरत, स्वयंपाक करत. १८९६ मध्ये महाराजांच्या मनात जे होते आणि काळाने जे होऊ दिले नाही, ते त्यांच्याच छायेत वाढलेल्या मुलाने करून दाखवले. कृतज्ञता म्हणजे जुने जसेच्या तसे जपणे नव्हे. त्यात जे राहून गेले ते पुरे करणेही कृतज्ञताच.

ही चूल पेटती ठेवणे सोपे नव्हते. लक्ष्मीबाई, म्हणजे भाऊरावांच्या पत्नी, यांचे दागिने एकामागून एक गेले आणि मुले उपाशी राहतील अशी वेळ आली तेव्हा मंगळसूत्रही गेले. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांची आई झाली. १९३० मध्ये त्या गेल्या. दुसरीकडे गावोगावच्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढत होत्या. त्याला मुष्टिफंड म्हणत. बोर्डिंगच्या त्या अन्नात असे कितीतरी अनोळखी हात होते.

ते अन्न खाऊन मोठी झालेली मुले काय करती झाली? बॅरिस्टर पी. जी. पाटलांचे उदाहरण घ्या. बोर्डिंगचा हा विद्यार्थी विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला. वकिलीत पैसा होता. ते परत आले आणि रयतेचे आजीव सदस्य होऊन शिकवू लागले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यासारख्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी संस्थेला आपली उमेदीची वर्षे दिली. लक्ष्मीबाईंच्या नावाने पतपेढी उभी राहिली, ती गरजू मुलांना उच्च शिक्षणासाठी कर्ज देते. एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या शिक्षणाला लागतो. मंगळसूत्र गेले, पण त्याचे असे व्याज अजून फिरते आहे.

आपल्याकडे पितृऋण हा शब्द आहे. ते वडिलांना पैसे परत करून फिटत नाही. आपण पुढची पिढी वाढवली म्हणजे फिटते. बोर्डिंगचे ऋणही तसेच आहे. म्हणून पुढच्या मेळाव्याला जाल तेव्हा पंखे जरूर द्या. पण तिथल्या अधीक्षकांना एक गोष्ट विचारा : यंदा जागा नाही म्हणून, किंवा फी नाही म्हणून, कोणता मुलगा परत गेला? त्या मुलाचे गाव विचारून घ्या. आपले देणे त्याच्या पत्त्यावर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)