केव्हीएममधील स्मृतिव्यवस्थापन-दोष, २०१९
एकाच भौतिक संगणकावर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायजर म्हणतात. या तंत्राचा उगम आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील केंद्रात १९६७ मध्ये वापरात आलेल्या सीपी-४० या प्रणालीत आढळतो. लिनक्स परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील केव्हीएम हा हायपरव्हायजर आव्ही किव्हिटी यांनी क्युमरानेट या इझ्राएली कंपनीत विकसित केला. फेब्रुवारी २००७ मध्ये तो लिनक्समध्ये समाविष्ट झाला.

आभासी यंत्रास आपली स्मृती स्वतंत्र भासते. प्रत्यक्षात तिची पृष्ठे यजमान संगणकात विखुरलेली असतात. त्यांची सांगड घालणाऱ्या नोंदी केव्हीएम ठेवतो. एखादा स्मृतिखंड काढून टाकल्यावर त्याच्या नोंदी रद्द होणे अत्यावश्यक असते. एरव्ही ती जागा इतर कामास दिल्यावरही जुने यंत्र तीत लिहू शकेल. यासाठी २०१३ पासून नोंदींवर पिढीचा क्रमांक घालण्यात येई. क्रमांक बदलताच सर्व जुन्या नोंदी एकदम कालबाह्य ठरत व नंतर सावकाश काढल्या जात.

मे २०१९ मधील लिनक्स ५.१ या आवृत्तीत केवळ काढलेल्या खंडाच्याच नोंदी रद्द करण्याची काटकसरीची पद्धत आली आणि पिढीक्रमांकाची योजना अनावश्यक मानून वगळण्यात आली. मात्र ग्राफिक्स कार्डासारखे उपकरण थेट सोपविलेल्या आभासी यंत्रांत बिघाड दिसू लागले. ऑगस्टमध्ये केव्हीएमचे व्यवस्थापक पाओलो बोन्झिनी यांनी हा बदल मागे घेतला. मूळ दोष बहुधा अन्यत्र असून तो अद्याप सुप्त आहे, हे त्यांनी त्याच वेळी नमूद केले. कारण उमगण्याची वाट न पाहता वापरकर्त्यांची हानी आधी थांबविणे, हा लिनक्सचा प्रघात होय.

परंतु वगळलेली योजना या माघारीबरोबर परत आली नव्हती. नोंदी पुसणारा प्रक्रियक मध्येच थांबून कुलूप सोडी. तेवढ्यात इतर प्रक्रियक नव्या नोंदी भरीत व पुसण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आभासी प्रक्रियकांची संख्या मोठी असल्यास ते कधीच संपत नसे. अखेर १५ सप्टेंबर २०१९ रोजी प्रसृत झालेल्या लिनक्स ५.३ मध्ये पिढीक्रमांक पुन्हा आणण्यात आले. त्यामुळे फक्त जुन्या पिढीच्या नोंदी पुसल्या जाऊ लागल्या व कामास निश्चित शेवट लाभला.

सर्व नोंदी रद्द करण्याची ही पद्धत पुढेही मूलभूत राहिली. ती बंद करण्याचा पर्याय नोव्हेंबर २०२४ मधील लिनक्स ६.१२ मध्ये देण्यात आला. अनावश्यक वाटणारा भाग कोणत्या संकटास आवर घालीत होता, हे तो काढल्यावरच उमगते, याचे हे बोलके उदाहरण आहे.