नाम आणि नामी : ख्रिस्ती परंपरेतील एक जुना वाद

देवाच्या नावाविषयीचा आदर ख्रिस्ती धर्माला यहुदी परंपरेकडून मिळाला आणि त्या परंपरेत तो प्रामुख्याने मौनातून व्यक्त होत असे. चार हिब्रू व्यंजनांनी लिहिलेले देवाचे नाव पोथीत डोळ्यांसमोर असले तरी वाचणारा ते उच्चारत नसे, त्याऐवजी 'प्रभू' या अर्थाचा 'अदोनाय' हा शब्द वाचत असे. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनिकांनी हाच आदर वेगळ्या रीतीने जपला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील ग्रीक पपायरसांवर देव, प्रभू, येशू आणि ख्रिस्त हे शब्द पूर्ण न लिहिता त्यांचे बहुधा पहिले व शेवटचे अक्षर घेऊन वर आडवी रेघ ओढलेली आढळते. अभ्यासक या संक्षेपांना 'नोमिना साक्रा', म्हणजे 'पवित्र नामे', असे म्हणतात. जागा वाचावी हा यामागचा हेतू असता तर शेजारचे लांबलचक शब्दही आखडले गेले असते. ते मात्र पूर्ण लिहिलेले असतात, त्यामुळे ही रीत काटकसरीची नसून पूज्यभावाची होती असेच मानावे लागते.

येशूचे नाव मात्र उघडपणे उच्चारण्याचे होते. या नामापुढे सर्वांनी गुडघे टेकावेत हा विचार नव्या करारातील फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात येतो, आणि १२७४ मध्ये ल्यों येथे भरलेल्या धर्मसभेने त्याला आचाराचे रूप देऊन मिस्सामध्ये येशूचे नाव येताच मस्तक लववण्याचा नियम घातला. पोप दहावे ग्रेगरी यांनी या आदराचा प्रसार करण्याचे काम डॉमिनिकन संघाकडे सोपवले.

या भक्तीला लोकांच्या चौकात आणले ते सिएनाच्या बर्नार्डिनो (१३८०–१४४४) या फ्रान्सिस्कन संन्याशाने. त्या काळी इटलीतील नगरे घराण्यांच्या आणि पक्षांच्या वैरांनी पोखरलेली होती, आणि प्रत्येक पक्ष आपले चिन्ह दारावर मिरवत असे. बर्नार्डिनो प्रवचनाच्या अखेरीस एक लाकडी पाटी उंच धरत असे. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी सूर्य, त्याला बारा मोठे किरण आणि मध्यभागी तीन अक्षरे असे तिचे स्वरूप होते. ही अक्षरे येशूच्या ग्रीक नावातील योटा, ईटा आणि सिग्मा ही पहिली तीन अक्षरे होत. ग्रीक ईटाचा आकार लॅटिन 'एच'सारखा असल्याने पश्चिमेकडे ती 'आय-एच-एस' अशी वाचली जाऊ लागली, आणि 'मानवजातीचा तारणारा येशू' असा लॅटिन अर्थ त्यांना मागाहून चिकटवण्यात आला. सानो दि पिएत्रो या चित्रकाराने रंगवलेल्या चित्रात सिएनाच्या मुख्य चौकातील अशा प्रवचनाचे दृश्य आहे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया, मध्ये कापडाचा आडपडदा आणि सारा जमाव गुडघ्यांवर. पक्षचिन्हे उतरवून त्यांच्या जागी हे नाम लावावे, असा बर्नार्डिनोचा आग्रह असे, आणि सिएनाच्या नगरसभेच्या इमारतीवर ही सूर्यमुद्रा आजही दिसते.

आक्षेप घेणारे थोडे नव्हते आणि त्यांचा आक्षेप पोकळही नव्हता. रंगवलेल्या अक्षरांपुढे गुडघे टेकणारा माणूस ख्रिस्तापुढे नमतो की लाकडाच्या फळीपुढे, हा त्यांचा प्रश्न होता. प्रकरण पोप पाचवे मार्टिन यांच्यापुढे गेले आणि १४२७ मध्ये रोम येथे चौकशी झाली. बर्नार्डिनो निर्दोष ठरला, मात्र अक्षरांना क्रुसाची जोड द्यावी असे त्याला सांगण्यात आले. ही सूचना किरकोळ वाटली तरी निर्णयाचे सारे मर्म तिच्यातच आहे, कारण क्रूस जोडल्याने नाम त्या नामाच्या धन्याशी बांधले जाते आणि नजर अक्षरांवर अडून राहत नाही. बर्नार्डिनोच्या मृत्यूनंतर अवघ्या सहा वर्षांनी, १४५० मध्ये, त्याला संतपद देण्यात आले.

क्रूस धारण केलेली ही मुद्रा पुढे १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघाने, म्हणजे जेझुइटांनी, आपली मानली, आणि त्यांच्याबरोबरच ती पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला पोहोचली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिका १६०५ मध्ये प्रतिष्ठित झाली. तिच्या जांभ्या दगडाच्या दर्शनी भागावर अगदी वरच्या टप्प्यात हीच तीन अक्षरे काळ्या दगडात कोरलेली आहेत. हा काळा दगड वसईहून आणला गेल्याचे सांगितले जाते. तेथे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जाणाऱ्या असंख्य मराठी भाविकांची नजर त्या अक्षरांवरून जाते, परंतु त्यांच्यामागे सिएनाच्या चौकातील एवढा मोठा वाद उभा आहे याची त्यांना सहसा कल्पना नसते.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत हाच प्रश्न अधिक खोलवर गेला. तेथे येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारी एक छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत अखंड म्हणण्याची साधना आहे. नामस्मरणाच्या वाटेवर वाढलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. इलारिओन या रशियन संन्याशाने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साधनेचे वर्णन करताना देव आपल्या नामात स्वतः उपस्थित असतो असे मांडले, आणि ग्रीसमधील अॅथॉस पर्वतावरील रशियन मठांत या मताचे शेकडो अनुयायी झाले. माणसाच्या तोंडचा ध्वनी म्हणजे देव असे म्हणणे ही निर्मित वस्तूची पूजा होय, असे विरोधकांचे म्हणणे होते. समर्थकांनी चौदाव्या शतकातील ग्रेगरी पालामास याचा आधार घेतला. देवाचे सत्त्व मानवाला अगम्य असले तरी त्याच्या शक्ती माणसापर्यंत पोहोचतात आणि त्याही दैवीच असतात, असा त्याचा सिद्धांत होता, आणि नाम ही अशीच एक शक्ती होय असे समर्थक म्हणत. रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाने मे १९१३ मध्ये हे मत पाखंड ठरवले. त्याच उन्हाळ्यात रशियाची युद्धनौका आणि सैनिक अॅथॉसला आले, मठात कोंडून घेतलेल्या संन्याशांवर पाण्याचे फवारे मारले गेले आणि सुमारे ८०० जणांना जहाजांवर चढवून रशियात नेण्यात आले. प्रार्थनेविषयीच्या मतभेदात शस्त्रधारी सैनिक आणणे हे त्या चर्चच्या इतिहासातील लाजिरवाणे पान आहे, मग त्या संन्याशांचे मत बरोबर असो वा चूक.

१९१७–१८ मध्ये मॉस्को येथे भरलेल्या धर्मसभेने या प्रश्नाचा फेरविचार करण्यासाठी उपसमिती नेमली, परंतु क्रांतीच्या धामधुमीत निर्णय झालाच नाही. त्या उपसमितीचे सदस्य सेर्गेई बुल्गाकोव यांनी नामाच्या तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहायला घेतला. १९२२ च्या अखेरीस त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले, आणि हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये पॅरिस येथे छापला गेला.