जासूद, खेचर आणि ड्रोन

पावसाळ्यात आपल्या मंगळवार पेठेत सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो : "राजारामला किती?" उत्तर फूट-इंचांत येतं. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत. हा आकडा नदीवरून आपल्यापर्यंत आणतो कोण, याचा इतिहास आज आपण बघू.

अडचण जुनीच आहे. पाऊस पडतो गगनबावड्यात, त्याची माहिती हवी असते खाली शिरोळला. मधलं अंतर कुणीतरी तोडायला हवं. मराठेशाहीत ते काम जासूद आणि हरकारे करत. पुढे तार आली आणि पळणारा माणूस बाजूला झाला. १८७५ मध्ये हवामान खातं स्थापन झालं. पर्जन्यमापकातलं पाणी ठरल्या वेळी मोजायचं आणि आकडा कळवायचा, ही शिस्त तेव्हाच्या पिढ्यांनी बसवली. अगदी अलीकडे जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यात स्वयंचलित यंत्रं बसली. ती आपला आकडा मोबाइलच्या जाळ्यातून नाहीतर उपग्रहामार्फत स्वतःच पाठवतात.

मग ड्रोन कशाला? तर जिथं मोबाइलची रेंज नाही आणि प्रत्येक यंत्राला उपग्रहाचा खर्च परवडत नाही, तिथं छोटे बिनतारी सेन्सर एकमेकांच्या हाती माहिती देत पुढं सरकवतात. यात एक गोम आहे. समजा, दहा वाड्यांची पत्रं हातोहात शहराकडे चाललीत. शेवटच्या वाडीला दहाही वाड्यांचं ओझं उचलावं लागणार. सेन्सरचंही तसंच होतं. केंद्राजवळच्या सेन्सरची बॅटरी सगळ्यांत आधी संपते, आणि तो बसला की मागचे सगळे धडधाकट असूनही मुके होतात! बॅटरीचा मोठा खर्च मोजण्यात नसतो, तो दूरवर बोलण्यात असतो.

यावर २००३ च्या सुमारास एक उपाय पुढे आला. माहिती पुढं ढकलायची नाही, ती आणायला कुणीतरी जायचं. संशोधकांनी त्या फिरत्या वाहकाला खेचराचं नाव दिलं. आपल्या भाषेत खेचर म्हणजे ओझ्याचं जनावर, आणि संस्कृतातून पाहिलं तर आकाशात फिरणारा. ड्रोनला इतकं चपखल नाव त्यांनाही ठाऊक नसणार.

पण पहिलं खेचर उडणारं नव्हतं. बंगळूरजवळच्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात त्याच सुमारास एका बसवर वायफायचा अँटेना लावला होता. बस गावातून गेली की जमिनीच्या उताऱ्यांचे अर्ज घेई, तालुक्याला पोचली की तिथं उतरवी. २००४ च्या जानेवारीत केनियात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधले. दोन झेब्रे भेटले की पट्टे आपापली माहिती एकमेकांना देत, आणि गाडीतून फिरणाऱ्या संशोधकाला एकाच झेब्र्याकडून अनेकांची खबर मिळे. ड्रोन याच घराण्यातला. तो सेन्सरच्या डोक्यावर येतो, झोपलेल्या सेन्सरला जागं करतो, जवळूनच, म्हणजे थोड्या बॅटरीत, साठवलेले आकडे घेतो आणि पुढं जातो.

आता कोल्हापूरचा प्रश्न. ऐन महापुरात हे चालेल का? आमचं मत, नाही. धो धो पावसात आणि वाऱ्यात लहान ड्रोन उडवणं धोक्याचं असतं. त्याची बॅटरीही मिनिटांच्या हिशेबात संपते. शिवाय खेचर फेरीला जाऊन येईपर्यंत आकडा शिळा होतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, ही बातमी तासाभरानं कळून खालच्या माणसाला काय उपयोग? जनावरं सोडायची, धान्य माळ्यावर चढवायचं, म्हाताऱ्यांना हलवायचं, हे सगळं त्या तासातच असतं. तिथं कायम चालू राहणारा दुवाच हवा, आणि तो एक पडला तर दुसरा हवा. वीज गेली की काय होतं, हे २०१९ मध्ये आपण भोगलंय.

ड्रोनचं काम वेगळं. दाजीपूरच्या जंगलात गवे पाणवठ्यावर कधी येतात, उन्हाळ्यात कुठल्या उतारावरची माती किती सुकली, हे आठवड्यानं कळलं तरी चालतं. पावसाच्या उघडिपीत डोंगरउतारांवरचे आकडेही तो गोळा करू शकेल. पण दरड सरकू लागली तर तिथल्या यंत्रानं ड्रोनची वाट बघत बसायचं नाही, लगेच ओरडायचं. म्हणजे एकाच सेन्सरला दोन वाटा लागतात : रोजच्या हिशेबासाठी खेचर आणि संकटासाठी तार. खर्चाचा अंदाज मांडताना ही दुसरी वाटच आधी कापली जाते.