'बॉम्बे' स्क्वाड्रनचा चेक कमांडर

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये १२२ क्रमांकाची एक लढाऊ स्क्वाड्रन होती. तिचं नाव 'बॉम्बे'. युद्धासाठी पैसा देणाऱ्या प्रदेशाचं नाव विमानांच्या तुकडीला देण्याची तेव्हा पद्धत होती. आपल्या मुंबईचं नाव स्पिटफायर विमानांच्या या तुकडीला लागलं ते असं. एप्रिल १९४२मध्ये या स्क्वाड्रनची सूत्रं ज्याच्याकडे आली, तो इंग्रज नव्हता आणि हिंदीही नव्हता. तो होता फ्रान्तिशेक फाय्टल, देश गमावलेला एक चेक वैमानिक. ब्रिटिश स्क्वाड्रनचं नेतृत्व मिळालेला पहिला चेकोस्लोव्हाक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

मुंबईच्या नावामुळे माझं लक्ष या माणसाकडे गेलं हे खरं. पण त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं ते त्याच्या नंतरच्या आयुष्यामुळे. आपल्या देशासाठी दोन वेगवेगळ्या आघाड्यांवर लढलेल्या माणसाला त्याच देशानं 'तू नेमका कुणाचा?' असं विचारलं, त्याची ही गोष्ट आहे.

फाय्टलचा जन्म २० ऑगस्ट १९१२चा, उत्तर बोहेमियातल्या दोनीन या गावचा. तो चेकोस्लोव्हाकियाच्या हवाई दलात अधिकारी झाला. सप्टेंबर १९३८मध्ये म्युनिकला ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांनी मिळून चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश हिटलरच्या हवाली केला. ज्यांचा देश तोडला जात होता, त्यांना बैठकीत जागासुद्धा नव्हती. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. गोळी न झाडताच वैमानिकांच्या अंगावरचा गणवेश उतरला.

मग शेकडो वैमानिकांनी चोरवाटांनी पोलंड गाठलं आणि तिथून फ्रान्स. फाय्टल त्यांच्यातलाच एक. म्युनिकला आपला सौदा करणाऱ्या देशांच्याच झेंड्याखाली लढण्याची वेळ त्यांच्यावर आली. पण हिटलरशी लढायचं तर दुसरा मार्ग नव्हता. जून १९४०मध्ये फ्रान्स पडला, तेव्हा ते ब्रिटनला पोहोचले. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये नव्वदीच्या आसपास चेकोस्लोव्हाक वैमानिक लढले. फाय्टल तेव्हा १ आणि १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून हरिकेन विमान उडवत होता.

'बॉम्बे' स्क्वाड्रनमधली त्याची कारकीर्द मात्र जेमतेम काही दिवसांचीच ठरली. ५ मे १९४२ रोजी उत्तर फ्रान्सवर त्याचं विमान पाडलं गेलं. तो जिवंत उतरला, पण शत्रूच्या मुलखात. जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स त्यानं लपतछपत ओलांडला आणि पिरेनीज पर्वत पार करून तो स्पेनमध्ये शिरला. स्पेनमध्ये त्याला पकडून मिरांदा दे एब्रोच्या छावणीत डांबण्यात आलं. तिथून सुटून ऑगस्टमध्ये तो ब्रिटनला परतला आणि पुन्हा विमानात बसला. पुढे ३१३ या चेकोस्लोव्हाक स्क्वाड्रनचं नेतृत्वही त्यानं केलं.

इथवरची गोष्ट अनेक चेक वैमानिकांच्या वाट्याला कमीअधिक फरकानं आली. फाय्टलचं वेगळेपण पुढे आहे. १९४४च्या सुरुवातीला सुमारे वीस वैमानिकांना घेऊन तो सोव्हिएत रशियाला गेला. तिथे त्यांनी स्पिटफायर सोडून रशियन लावोच्किन विमानं शिकून घेतली आणि पहिली चेकोस्लोव्हाक स्वतंत्र लढाऊ विमान रेजिमेंट उभी राहिली. तिचा कमांडर फाय्टलच होता.

२९ ऑगस्ट १९४४ला स्लोवाकियात नाझींविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला. १७ सप्टेंबरला ही रेजिमेंट झोल्नाच्या धावपट्टीवर उतरली. ही जागा जर्मन आघाडीच्या मागे होती. चारही बाजूंनी शत्रू आणि मधे उठावकऱ्यांच्या हातात उरलेला मुलूख. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिएश्त्यानीच्या जर्मन विमानतळावर हल्ला चढवला. ऑक्टोबरच्या शेवटी उठाव मोडून पडेपर्यंत ते तिथून लढत राहिले.

म्हणजे हा माणूस इंग्रजांबरोबर लढला आणि रशियनांबरोबरही. त्याच्या देशाला मुक्त करणाऱ्या दोन्ही बाजूंचं मीठ त्यानं खाल्लं होतं. १९४५मध्ये तो मायदेशी परतला. त्याला आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायची गरज उरली नसेल, असं कुणालाही वाटलं असतं.

फेब्रुवारी १९४८मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली आणि हिशेब बदलला. रॉयल एअर फोर्समध्ये सुमारे अडीच हजार चेकोस्लोव्हाक होते, त्यातले पाचशेच्या आसपास मारले गेले. जे वाचले, त्यांच्यावर 'पश्चिमेचा माणूस' हा शिक्का बसला. ब्रिटनमधल्या चेकोस्लोव्हाक हवाई दलाचे प्रमुख कारेल यानौशेक यांची पत्नी आउश्वित्झमध्ये मेली होती. त्यांना १८ वर्षांची शिक्षा झाली. जर्मन कैदेतून पुन्हा पुन्हा पळालेला योसेफ ब्रिक्स १९५७मध्ये युरेनियमच्या खाणीवरच्या कैदी छावणीत मेला.

फाय्टलला आधी सैन्यातून काढलं. १९५०मध्ये अटक करून मीरोव्हच्या श्रमछावणीत पाठवलं. तिथे त्यानं सुमारे दीड वर्ष काढलं. खटला नाही, वकील नाही. १९४८च्या एका कायद्यानं तीन माणसांच्या आयोगाला कुणालाही दोन वर्षांपर्यंत छावणीत धाडण्याचा अधिकार दिला होता. अशा कायद्यात गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. माणूस कोण आहे, एवढं पुरतं.

सत्ताधाऱ्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. काही माजी आरएएफ वैमानिक खरोखर पळाले. मार्च १९५०मध्ये तीन प्रवासी विमानं एकाच दिवशी पश्चिम जर्मनीत एर्डिंगला नेऊन उतरवली गेली, ती अशाच वैमानिकांनी. पण फाय्टल तोवर पकडलाही गेला होता. आधी संशय आला, मग छावण्या आल्या आणि मग लोक पळू लागले. पुढे त्यांचं पळणं हाच संशयाचा पुरावा मानला गेला.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो पुढचा भाग. स्लोवाक उठाव हा कम्युनिस्ट राजवटीच्या अभिमानाचा विषय होता. २९ ऑगस्टला समारंभ होत, भाषणं होत. त्या उठावात आकाशातून लढलेल्या रेजिमेंटचा कमांडर मात्र कैदेत होता, आणि सुटल्यावरही पुसलेल्या नावासारखा जगत होता. उठावाचा एक नेता गुस्ताव हुसाक तर स्वतः कम्युनिस्ट. त्यालाही १९५१मध्ये तुरुंगात टाकलं. एकदा निष्ठेची झडती सुरू झाली की ती घरातल्या माणसांनाही सोडत नाही.

आज मराठी मुसलमान वाचक हे वाचेल तेव्हा त्याला हा प्रश्न परका वाटणार नाही. आजोबांनी काय केलं, वडिलांनी कुठे नोकरी केली, हे सगळं सांगून झालं तरी समोरचा पुन्हा विचारतो, 'पण तुम्ही नक्की कुणाचे?' फाय्टलकडे तर लढायांची यादी होती, पदकं होती. त्यांचाही उपयोग झाला नाही. प्रश्न त्याच्या कृतीबद्दल असता तर उत्तर कधीच मिळालं होतं.

फाय्टल मात्र गप्प बसला नाही. तो लिहित राहिला. विमान पाडलं गेल्यानंतरच्या पलायनावर त्याचं एक पुस्तक आहे, आणि लढाईत मारल्या गेलेल्या सोबत्यांच्या आठवणींचं दुसरं. ज्यांची नावं सरकारी इतिहासातून गायब होती, ती त्यानं कागदावर आणली.

१९८९मध्ये राजवट कोसळली आणि त्याला त्याचा मान परत मिळाला. तो जनरल झाला. २००४मध्ये 'व्हाइट लायन' हा देशाचा सर्वोच्च किताब मिळाला, तेव्हा तो ९२ वर्षांचा होता. दोन वर्षांनी, ४ ऑक्टोबर २००६ रोजी त्याचं निधन झालं. त्याच्या बरोबरीच्या बहुतेकांना एवढं आयुष्य लाभलं नाही. शिक्का पुसला जाण्याची वाट बघतच ते गेले.