सिंधुदुर्गाचा चुना

तारकर्लीपासून अवघ्या दोनएक कोसांवर, मालवणसमोर भर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत तट पुरा झाला. पायात शिसे ओतले, ही कथा शाळेतील प्रत्येक मूल जाणते. ते ओतणाऱ्यांची, दगड घडविणाऱ्यांची, चुना मळणाऱ्यांची नावे मात्र कोणी घेत नाही.

त्यांच्या विद्येचे मर्म चुन्यात होते. शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करावयाचा, पाण्यात विझवावयाचा, मुरत ठेवावयाचा आणि मग वाळूसह घाणीत दळावयाचा. ठिकठिकाणी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गरही पडे. असा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश दगडासारखा होतो, तरी भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती ओल कोंडते; मग खारे पाणी दगडातच सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि चांगल्या दगडाचा भुगा होतो. जुन्या तटाला सिमेंट फासणे म्हणजे रोग्याचे नाक दाबून त्याचा खोकला थांबविणेच!

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले. त्यांत सिंधुदुर्गही आहे. पण मानाने तटाचे सांधे भरत नाहीत. त्यासाठी गवंडी, पाथरवट व सुतार लागतात. मोजणी करून नकाशे काढणारे आणि दगडातील क्षार तपासणारे रसायनज्ञही लागतात. दहावीच्या मुलापुढे व्यवसायांची यादी ठेवताना यांतले एकही नाव सहसा निघत नाही.

मावळू लागलेले कसब पुन्हा शिकविता येते, हे याच जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेली गोल पाने. दशावतारी संचात ती १२० असतात. हे काम जाणणारे मोजकेच वृद्ध चितारी उरले असता शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती कला त्यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसविले. तेथे आजही पाने रंगतात.

तारकर्लीच्या तरुणांना समुद्रतळाशी उतरण्याचे रीतसर शिक्षण गावातच मिळते, आणि त्यावर पोटही भरते. चुन्याच्या कामासही तशीच सोय हवी. पावसाळा ओसरताच सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी जाणत्या गवंड्याबरोबर किल्ल्यात जावे, सांधे ठोकून पाहावेत, कोठे पोकळ वाजते व कोठे मीठ फुलले आहे ते वहीत टिपावे. थापी त्यानंतर हाती घ्यावी.